तीन सुतांचा फरक

त्या काळातलं मला सगळ्यांत आधी आठवतं ते थकणं. नातवंडं विचारतात, आजी, तुला तरुणपणी काय व्हायचं होतं? खरं सांगायचं तर मला झोपायचं होतं. बारावी झाल्यावर मी वाळूजच्या एका कारखान्यात लागले होते, पहिल्या पाळीला. पैठण रस्त्यावरच्या आमच्या नाक्यावर कंपनीची बस साडेपाचला यायची, म्हणजे चारला उठणं आलं. दिवसभर तांब्याची बारीक तार रिळावर गुंडाळायची, तपासायची, खोक्यात भरायची. दुपारी चारच्या सुमाराला बसमधून उतरले की पोटऱ्यांत गोळे आलेले असायचे. आमच्या घराच्या पुढच्या अंगाला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं गॅरेज होतं, त्यामुळं घरात शिरायची वाट गॅरेजातूनच. ती वाट सरळ चुलीपाशी कधी पोचलीच नाही. मधेच कुठल्यातरी गाडीखालून हाक यायची, "शोभे, आलीस का? जरा टेप धर."

अण्णांचं गाव फुलंब्रीच्या अलीकडं. वाट्याची जमीन भावांकडं सोपवून ते शहरात आले, एका ट्रकवाल्याच्या हाताखाली शिकले आणि मग पत्र्याचं छप्पर टाकून स्वतःचं काम सुरू केलं. नव्या गाड्या त्यांच्याकडं येत नसत. यायच्या त्या दुसऱ्यांनी नाय म्हणून परत धाडलेल्या. एकाचं इंजिन दुसऱ्याला, टेम्पोच्या स्प्रिंगचे पाटे जीपला, असली जोडाजोड त्यांना लई आवडायची. आज अशी गाडी रस्त्यावर आणायची तर दहा कागद लागतील आणि अकराव्याला नकार येईल. तेव्हा अण्णांनी हात लावलाय म्हणलं की माणसं निर्धास्त बसायची. शेजारच्या पत्र्याखाली रहीमचाचांचं वेल्डिंगचं दुकान होतं. मोजमाप अण्णांचं आणि जोड चाचांचा, अशी दोघांची वर्षानुवर्षांची वाटणी. दिवसभर हातोड्याचा ठणठणाट, घासणीची करकर, आणि त्यातूनच मागच्या बाजूनं माय भाकरी थापायची तो थपथप आवाज. माय भाजल्या धान्याच्या येसराची आमटी करायची तेव्हा तिचा वास डिझेलच्या वासावर मात करायचा, एरवी भाकरीला बी ऑइलचा वास आहे असं माझा धाकटा भाऊ म्हणायचा आणि मार खायचा. मी हात धुऊन ताटावर बसले की माय माझ्याकडं बघून म्हणायची, "खा गं, नुसती बसू नको. घास हातात धरून झोपशील एक दिवस." तसं दोनदा झालंही होतं.

टेप मी का धरायची, हे घरात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. अण्णांना टेपेवरचे आकडे दिसेनासे झाले होते. माणूस दिसे, गाडी दिसे, नटाला कुठला पाना लागेल ते नुसत्या बोटानं कळे. पण बारीक रेघा सगळ्या एकात एक मिसळून जायच्या. मोतीबिंदूच होता, आता कळतं. गेल्या साली माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, अर्ध्या तासात घरी आले, तेव्हा मला त्यांची फार आठवण आली. त्या वेळी त्यांना दवाखान्याचं नाव काढलेलं खपायचं नाही. मिस्तरीला दिसत नाय असं एकदा रस्त्यावर गेलं की संपलं, असं ते म्हणायचे. म्हणून मोठ्यानं म्हणायचे, "शोभे, तू वाच, मी लिव्हतो," आणि खडूनं फरशीवर काहीतरी रेघ ओढायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाप लेकीला काम शिकवतोय.

साळवेबाईंची गाडी आली ती अशा दिवसांत. बाई फुलंब्रीच्या शाळेत मराठी शिकवायच्या, राहायला शहरात. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट. रोज एसटीची पायरी चढताना कोणीतरी हात द्यायचा, कोणीतरी मागून ढकलायचं, आणि हे त्यांना सहन होत नव्हतं. त्यांनी कुणाच्या तरी वाड्यामागं कैक वर्षं उभी असलेली एक जुनी मोटार मिळवली आणि टेम्पोला बांधून अण्णांच्या दारात आणली. उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "मिस्तरी, मला कुणी शाळेत सोडायला नको आहे. मला जायचं आहे. होईल का?"

अण्णा गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "व्हईल. पण येळ लागंल, बाई."

वेळ लागला. डाव्या पायाचं काम हाताकडं आणायचं म्हणून स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांडीलाच स्कूटरसारखी मूठ बसवली आणि तारेनं क्लचला जोडली. ते जमलं. पण मागचा एक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा लोखंडी दांडा, आतून पार खलास झालेला होता आणि त्याचे सुटे भाग कुठं मिळेनात. शेवटी चाचांनी भंगारातून एका छोट्या टेम्पोचा एक्सल आणला. त्याची रुंदी जुळली, पण पाट्यांवर बसायच्या बैठका वेगळ्या जागी. जुन्या कापून नव्या वेल्ड करायच्या होत्या. सगळी मेख तिथंच होती. बैठक जरा मागंपुढं झाली की एक्सल तिरका बसतो, आणि मग मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागून सरळ येत नाहीत. अण्णा म्हणायचे, "जोडीतला एक बैल पुढं अन् एक मागं जुंपला तर गाडी बांधाला जाती का नाय? तसंच हाय हे."

म्हणून आधी वेल्डिंगचे नुसते चार टाके मारायचे, गाडी चाकांवर उतरवायची, आणि प्रत्येक चाकाच्या मधोमध ओळंबा सोडून खाली फरशीवर खडूनं फुली करायची. मग पुढच्या फुलीपासून मागच्या फुलीपर्यंत टेप धरायची, डावीकडं आणि उजवीकडं. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं आलं की पक्कं वेल्डिंग. नाही आलं, तर गाडी परत उचला, टाके कापा, एक्सल सरकवा, पुन्हा टाके, पुन्हा ओळंबा. त्या दिवशी मी कारखान्यातून आले तेव्हा हे एकदा करून झालं होतं, फरक इतका मोठा की टेपेशिवाय बोटांनीच कळलेला. माझ्यासमोर दुसऱ्यांदा झालं. पत्रा तापलेला, अंगाला घामानं धूळ चिकटलेली, आणि पाळीत त्या दिवशी एक बाई रजेवर असल्यानं तिचंही काम मीच केलेलं. दुसऱ्या वेळेला पाच सुतांचा फरक आला. इंचाचे आठ सूत, त्यातले पाच. अण्णांनी गाडी परत उचलली. तिसऱ्यांदा उतरवली. मी गुडघ्यांवर बसून डावीकडं टेप धरली. सात फूट आठ इंच दोन सूत. मग उजवीकडं गेले. सात फूट आठ इंच पाच सूत.

मी त्या रेघेकडं किती वेळ बघत होते कोण जाणे. तीन सूत. करंगळीच्या नखाएवढं अंतर. मागून चाचांनी विचारलं, "क्या बेटी, मारूं क्या पक्का?"

"सारखं आहे," मी म्हणाले.

अण्णा उकिडवे बसले होते, माझ्या तोंडाकडं नाही, माझ्या हाताकडं बघत. "नीट बघ, शोभे."

"बघितलं अण्णा. दोन्हीकडं दोनच सूत."

ते उठले, चाचांना मान हलवून खूण केली. वेल्डिंगच्या निळ्या उजेडाकडं पाठ करून मी घरात गेले आणि हातपाय न धुताच आडवी झाले. मायनं ताट झाकून ठेवलं. मला अजून नवल वाटतं, मला त्या दिवशी काही टोचलं नाही. अगदी गाढ झोप लागली.

बाई गाडी घेऊन गेल्या आणि आठवड्यानं परत आल्या. "मिस्तरी, डावीकडे ओढते हो." अण्णांनी स्वतः चालवून पाहिली, पुढची चाकं नव्यानं लावली, स्टिअरिंग सरळ करून दिलं. पंधरा दिवसांनी बाई पुन्हा आल्या. या वेळेला जरा ओशाळून बोलल्या, "कदाचित माझंच चुकत असेल. डाव्या हाताला गिअर आणि क्लच दोन्ही, आणि स्टिअरिंग धरायला एकट्या उजव्या हातात तेवढा जोर नाही माझ्या." अण्णा म्हणाले, "नाय बाई, तुमच्याकडं काय नाय, माझ्याकडंच काहीतरी राहिलंय." त्यांनी पुढचं सगळं परत खोललं. मागं काही असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण मागचं मी वाचलेलं होतं. मी दारात उभी राहून दोघांचं ऐकत होते. त्या वेळी तोंड उघडलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण एकदा बोललेलं खोटं तीन आठवड्यांनी बाहेर काढायला जे बळ लागतं ते माझ्यात नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू, रविवारी सांगू, असं करत मी बस पकडत राहिले. झोप मात्र आता तशी येईना. चारला उठायचं असताना तीनलाच डोळे उघडायचे.

अण्णा त्या दिवसांत बोल्ट आवळला की परत येऊन हात लावून बघायचे. आवळलेला असे. एका जीपवाल्याला त्यांनी काम न घेताच परत धाडलं.

मग एक दिवस मी बसमधून उतरले तर गॅरेजात काहीच आवाज नव्हता. बाईंची गाडी दारात, डावं अंग चेपलेलं, काच नाही. माय ओट्यावर बसली होती. तिनं सांगितलं ते असं, की फुलंब्रीच्या अलीकडं रस्त्यावर कुणी मका वाळत घातला होता. समोरून बस आली म्हणून बाईंनी ब्रेक दाबला. मक्यावरून गाडीचं ढुंगण फिरलं आणि गाडी आडवी होऊन डावीकडच्या चारीत गेली. एसटीतल्याच माणसांनी बाईंना बाहेर काढलं. खांद्याचं हाड मोडलं होतं, कपाळाला टाके. "जिवावरचं खांद्यावर निभावलं," माय म्हणाली. "मका होता तिथं, कुणाचीबी गाडी घसरली असती."

आत अण्णा आणि रहीमचाचा बसले होते. दोघांच्या मधे अण्णांची हत्यारांची पेटी उघडी. अण्णा एकेक पाना पुसून चाचांपुढं ठेवत होते.

"ही तू घे रहीम. पुलर बी घे. जॅक नंतर ने."

"पागल हो गये क्या मिस्तरी? मक्के पे फिसली गाडी. तुम्हारा क्या कसूर?"

"सरळ असती तर सरळ घसरली असती," अण्णा म्हणाले. "दोनदा परत आणली बाईंनी गाडी. दोनदा. मला सापडलं नाय. डोळं तर गेलंच व्हतं, आता हातबी गेला. दुसऱ्याचा जीव घ्यायच्या आधी थांबलेलं बरं." डोळ्यांचं त्यांनी चाचांना पहिल्यांदाच सांगितलं, आणि ते इतक्या साध्या आवाजात की मला तिथं उभं राहवेना. माझ्या हातात जेवणाचा डबा होता. तो मी खाली ठेवला.

"अण्णा, हात नाही गेला. मी खोटं बोलले."

दोघांनीही वर बघितलं.

"मागचं सारखं नव्हतं. मी सारखं आहे म्हणाले."

अण्णांनी विचारलं, "किती व्हतं?"

"तीन सूत. उजवीकडं जास्त."

चाचा उठले, खांद्यावरचं फडकं झटकलं आणि आपल्या दुकानाकडं गेले. मला वाटलं आता मार बसेल. अण्णांनी मला कधी मारलं नव्हतं, पण त्या दिवशी मारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते नुसते हातातल्या पान्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "दमली व्हतीस?"

"व्हय."

"मग दमले म्हणायचं. उद्या केलं असतं." आणि पुन्हा म्हणाले, "उद्या केलं असतं की गं."

मला रडू आलं ते त्या वाक्याला. इतकं सोपं होतं ते. दमले म्हणायचं. आमच्या घरात तसं कुणी म्हणतच नसे. माय म्हणायची नाही, अण्णा म्हणायचे नाहीत, आणि मलाही ते सुचलं नाही. खोटं बोलणं त्याआधी सुचलं.

"बाईंकडं जा," अण्णा म्हणाले. "मी येनार नाय. तुझं तू सांग."

दुसऱ्या दिवशी मी पाळीला गेले नाही. दवाखान्यात बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला, डाव्या पायाचा बूट खाटेखाली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. टेप, तीन सूत, अण्णांचे डोळे. काहीच लपवलं नाही. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"दीड महिना," त्या म्हणाल्या. "दीड महिना मी रोज घरी आल्यावर हाताला तेल लावून चोळत होते. मला वाटायचं पाय आधीच नाही, आता हातही दगा देतोय. गाडी विकून टाकावी असं ठरवलं होतं मी. आईला सांगूनही झालं होतं."

"बाई, मला माफ—"

"ते राहू दे." आवाज चढला नव्हता. "माझं हाड जुळेल. पण माझं मलाच वाटायला लागलं होतं ना, की मला जमणार नाही, ते तू केलंस. हे तुला कळलं पाहिजे म्हणून सांगते. कळलं?"

मी मान हलवली.

"मिस्तरींना म्हणावं गाडी करून ठेवा. मला ती हवी आहे. आणि जा आता, मला पडायचं आहे."

रविवारी आम्ही तिघांनी गाडी उचलली. पाटे सरळ होते, सांगाडा शाबूत होता. चाचांनी जुनं वेल्डिंग कापलं. पक्का जोड कापायला टाक्यांपेक्षा चौपट वेळ लागतो, आणि तो सगळा वेळ मी दिवा धरून उभी होते. एक्सल सरकवला, टाके मारले, ओळंबा सोडला. पहिल्यांदा दोन सूत. मी दोन म्हणाले. दुसऱ्यांदा एक. मी एक म्हणाले. तिसऱ्यांदा दोन्हीकडं रेघ रेघेवर आली आणि मी म्हणाले, "सारखं."

अण्णांनी टेप माझ्या हातातून घेतली. "रहीम, तू बी वाच एकदा."

चाचांनी चष्मा लावला, दोन्हीकडं वाकून वाचलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बराबर है." मग वेल्डिंग झालं. त्यानंतर अण्णांनी जेवढी वर्षं काम केलं तेवढी वर्षं कुठलंही माप दोघांनी वाचल्याशिवाय पक्कं झालं नाही. मला त्याचं वाईट वाटायचं, पण बोलायला जागा नव्हती. पुढं चाचांनीच मागं लागून त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. पट्टी सुटल्यावर ते घरी आले तेव्हा मायला म्हणाले, तू लई म्हातारी झालीस की. माय दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तरीही नवीन डोळ्यांनी वाचलेलं माप ते चाचांकडून वाचून घ्यायचेच. तेव्हा मला ते जरा कमी टोचायला लागलं.

बाईंचा हात बरा व्हायला तीन महिने लागले. त्या गाडी न्यायला आल्या त्या दिवशी माझी सुट्टी होती. अण्णांनी किल्ली दिली. बाई आत बसल्या, बूट नीट ठेवून घेतला आणि काचेतून मला म्हणाल्या, "तू बस."

मी शेजारी बसले. शहर मागं पडलं. पुढं रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना मका काढून झालेली मोकळी रानं. बाईंनी गिअर टाकून डावा हात मांडीवर ठेवला. उजवा हात स्टिअरिंगवर नुसता टेकलेला, मूठ न आवळता. गाडी आपली आपण सरळ जात होती. बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "माझे हात ठीकच होते." मला उद्देशून म्हणाल्या का स्वतःला, ते कळलं नाही.

शाळेच्या फाटकाशी त्यांनी मला उतरवलं. "परत एसटीनं जा. मला तास आहे," एवढंच बोलल्या आणि गाडी आत घेतली. त्यांनी ती गाडी पुढं कितीतरी वर्षं चालवली, दर पावसाळ्याआधी अण्णांकडं आणली, मायच्या हातचा चहा घेतला. मला माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी मात्र मी थांब्यावरच्या कडुलिंबाखाली बसले. एसटीला अवकाश होता. शाळेतून मुलींचा कविता म्हणण्याचा आवाज येत होता. कधी डोळा लागला ते समजलं नाही, एसटी येऊन उभी राहिल्यावर कंडक्टरनं हाका मारून उठवलं, म्हणाला, "ताई, घरी झोपत नाय का?"

"नाय," मी म्हणाले. "लई दमले होते." आणि बसमध्ये चढले.